नातवंडे निघाली आजी-आजोबांबरोबर

परीक्षा संपतात, उन्हे तापू लागतात आणि एसटी स्टँडवर एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात नातवाचे बोट धरून आजोबा गाडीची पाटी वाचत उभे असतात. बाकावर आजी, तिच्या मांडीवर धाकटी नात आणि शेजारी चिवड्याचा डबा. आईवडिलांना रजा मिळत नाही, निवृत्त आजोबांकडे वेळच वेळ असतो. मग "तुम्ही राहा, मुलांना आम्ही घेऊन जातो" असे घरोघरी ठरते.

याच दिवसांत दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "डॉक्टर, सासू-सासरे मुलीला चार दिवस कोकणात न्यायचे म्हणताहेत. आम्ही बरोबर नाही. पाठवू का?" आईच्या पोटात कालवाकालव होत असते. शेजारी बसलेल्या आजीला मात्र प्रश्नच लागतो. "पाच पोरं वाढवली मी. एक नात सांभाळायला जड जाणार आहे का?"

दोघींचेही बरोबर आहे. म्हणून या आठवड्यात याच विषयावर सविस्तर बोलू.

एक घडलेली गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे नेहमी येणाऱ्या कुटुंबातील चार वर्षांचा मुलगा आजी-आजोबांबरोबर गणपतीपुळ्याला गेला होता. रात्रभर बसचा प्रवास, सकाळी देवदर्शन, मग समुद्रावर वाळूत खेळणे. दुपारी जेवता जेवताच तो पेंगू लागला. "दमलाय बिचारा, झोपू दे," असे म्हणून आजीने त्याला पांघरूण घातले. चार वाजता अंगाला हात लावला, तर अंग घामाने थबथबलेले आणि मूल हाका मारूनही नीट जागे होईना.

आजोबांनी वेळ न घालवता रिक्षा करून जवळचे रुग्णालय गाठले. तेथील डॉक्टरांनी बोटातून रक्त काढून साखर तपासली. ती ३८ होती. शिरेतून ग्लुकोज सुरू झाल्यावर मूल डोळे उघडून बोलू लागले. पुढे रात्रभर आणि दुसरा दिवस त्याला देखरेखीखाली ठेवावे लागले.

झाले होते असे. आजीला मधुमेह. प्रवासात पट्ट्या सांभाळायला नकोत म्हणून त्यांनी आपल्या गोळ्या बडीशेपेच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत काढून घेतल्या होत्या. घरी त्याच डबीतून नातवाला रोज जेवणानंतर गोड गोळ्या मिळत. आजी हात धुवायला गेल्या तेवढ्यात त्याने आपल्या हाताने डबी उघडली.

मूल वाचले, पण घरात एक भिंत उभी राहिली. आई म्हणाली, "यापुढे कुठेही पाठवणार नाही." आणि आजी तर नातवाला नुसते अंगणात न्यायलाही घाबरू लागल्या. या गोष्टीचा शेवट लेखाच्या अखेरीस सांगतो. तत्पूर्वी, असे होऊ नये म्हणून काय करायचे ते पाहू.

कोणत्या वयाला पाठवावे?

सहा ते आठ महिन्यांपासून मुलाला आपले माणूस आणि परके माणूस यांतील फरक कळू लागतो. आई नजरेआड झाली की ते रडते. ही ताटातुटीची भीती साधारण दहा ते अठरा महिन्यांच्या काळात सर्वांत जास्त असते आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास बरीच ओसरते.

इंग्लंडमधील जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक चित्रपट तयार केला. आठ दिवस एकटी रुग्णालयात राहिलेली दोन वर्षांची मुलगी त्यात दिसते. तिचे गप्प गप्प होणे पाहून तेथील डॉक्टरांनाही विचार करावा लागला. पुढे रॉबर्टसन पती-पत्नींनी काही मुलांना आई दवाखान्यात असताना स्वतःच्या घरी ठेवून घेतले. त्यांना आढळले, की माया करणारे एकच माणूस सतत जवळ असेल, रोजच्या सवयी आणि ओळखीच्या वस्तू तशाच राहतील आणि आईची आठवण काढू दिली जाईल, तर लहान मूल हा काळ बऱ्यापैकी निभावून नेते. आपल्याकडे हे काम आजीइतके चांगले कोण करील?

मात्र आजी ओळखीची हवी. वर्षातून एकदा दिवाळीला भेटणारी आजी दोन वर्षांच्या मुलाला परकीच असते. यावरून आम्ही पालकांना एक ठोकताळा सांगतो. अंगावर पिणारे मूल आईशिवाय परगावी पाठवू नये. दीड ते तीन वर्षांच्या मुलाला आधी एक-दोन रात्री आजीच्या घरीच राहू द्यावे. ते जमले तरच पुढचा विचार. तीन वर्षांनंतर तीन-चार दिवस आणि पाच वर्षांनंतर आठवडाभर, असे टप्प्याटप्प्याने वाढवावे. एकत्र कुटुंबात रोज आजीच्याच कुशीत झोपणाऱ्या मुलाचा हिशेब अर्थातच वेगळा.

निघताना मूल झोपलेले पाहून गुपचूप निघून जाऊ नका. जागे झाल्यावर आई नाही हे कळले, की मुलाचा विश्वास उडतो आणि मग ते आजीलाही क्षणभर सोडत नाही. सांगून, टाटा करून जावे. थोडे रडेल, पण ते रडणे बरे. लहान मुलाला "पाच दिवस" कळत नाहीत. "पाच वेळा झोपून उठलास, की आई येणार" हे कळते. त्याची रोजची गोधडी न धुता बरोबर द्या. तिला घरचा वास असतो. फोन दिवसा, ठरलेल्या वेळी करा. ऐन झोपेच्या वेळी आईचा आवाज ऐकला, की मूल हमसून हमसून रडते आणि आजीची रात्र बिघडते.

परत आल्यावर मूल आईकडे पाठ फिरवील किंवा दोन-चार दिवस तिचा पदर सोडणार नाही. हे नैसर्गिक आहे. "आजीने बिघडवले" असा अर्थ काढू नये.

आजी-आजोबांची स्वतःची प्रकृती

हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचारलाच पाहिजे. तीन वर्षांचे मूल रस्त्याकडे धावले, तर आजोबांचे गुडघे त्याच्यामागे धावू शकतील का? चक्कर येणे, साखर एकदम उतरणे, छातीत दुखणे असे काही अलीकडे झाले आहे का? तसे असेल तर बरोबर काका, आत्या किंवा मोठा भाचा असावा. एकट्या आजीवर दोन लहान मुले सोपवू नयेत.

कार्यक्रमही नातवाच्या बेताने आखावा. एका दिवसात चार देवस्थाने उरकण्यापेक्षा सकाळी एक ठिकाण पाहावे आणि दुपारी आराम करावा. उन्हाळ्यात अकरा ते चार मुलाला उन्हात फिरवू नये. आणखी एक नियम छोटा, पण महत्त्वाचा आहे. मूल जागे असताना दुपारी दोघांनी एकदम झोपायचे नाही. पाळी लावायची.

काय सैल सोडायचे, काय पक्के ठरवायचे

बहुतेक घरांत वाद होतो तो भलत्याच गोष्टींवरून. आईस्क्रीम दिले, आंघोळ दुपारी घातली, रात्री अकरापर्यंत जागवले, हाताने भरवले. चार दिवसांत याने काहीही बिघडत नाही. हे सगळे आजीवर सोडावे. सुट्टीची गंमत त्यातच आहे, आणि ऊठसूट सूचना करणाऱ्याची महत्त्वाची सूचनाही मग कानाआड होते.

त्याऐवजी चारच गोष्टी पक्क्या ठरवाव्यात: औषधे, पाणी, वाहन आणि आजारपण. या चारांत तडजोड नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी सर्वांनी एकत्र बसून त्या बोलाव्यात.

पहिली गोष्ट: औषधे

आजी-आजोबांच्या गोळ्या मूळ पट्टीतच ठेवाव्यात आणि त्या पट्ट्या कुलूप लागणाऱ्या पिशवीत असाव्यात. आजीची पर्स आणि उशाखालची जागा मुलांना पाठ असते. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांपैकी एकही गोळी लहान मुलाची साखर धोक्याच्या पातळीला नेऊ शकते, आणि तिचा परिणाम काही वेळा कित्येक तासांनी दिसतो. रक्तदाबाच्या, हृदयाच्या आणि लोहाच्या गोळ्याही तितक्याच घातक. पूजेच्या पिशवीतला कापूर खडीसाखरेसारखा दिसतो. तो गिळला तर थोड्याच वेळात आकडी येऊ शकते.

मुलाने गोळी खाल्ल्याची नुसती शंका आली, तरी वाट पाहू नये. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. गोळ्यांची पट्टी बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे. साखरेची गोळी असेल आणि मूल पूर्ण शुद्धीत असेल, तर वाटेत साखरपाणी पाजायला हरकत नाही. गुंगीत असेल तर तोंडावाटे काहीही देऊ नये.

मुलाच्या औषधांतही घोटाळे होतात. तापाचे पॅरासिटामॉल घ्या. एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते, तर तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या बाटलीत २५० मिलिग्रॅम. तान्ह्या मुलांच्या ड्रॉप्समध्ये तर १ मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असते. ते चमच्याने ५ मिलिलिटर दिले, तर ५०० मिलिग्रॅम पोटात जाईल. १४ किलोच्या मुलाला एका वेळी सुमारे २१० मिलिग्रॅम पुरते. म्हणून "एक चमचा दे" असे सांगू नये. आपली बाटली द्यावी, बाटलीबरोबरचे मापाचे झाकण द्यावे आणि किती मिलिलिटर ते लिहून द्यावे. दोन डोसांमध्ये सहा तासांचे अंतर ठेवावे आणि दिवसात चारपेक्षा जास्त डोस देऊ नयेत.

खोकल्याचे औषध दुकानातून आपल्या मनाने घेऊ नये. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात दूषित खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती साधारणतः टाळावीत. मूल झोपावे म्हणून जायफळ उगाळून देण्याची चालही सोडावी, कारण गुंगी जायफळाची की आजाराची हे मग कळत नाही. एक वर्षाच्या आतील बाळाला मध तर चाटवूच नये.

दुसरी गोष्ट: पाणी

कोकणातल्या घरामागची विहीर, शेतावरचा हौद, लॉजमधली भरलेली बादली आणि समुद्र. लहान मूल बुडताना ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. ते निमूटपणे पाण्याखाली जाते, आणि वीतभर पाणीही त्याला पुरते. म्हणून पाण्याजवळ मूल हाताच्या अंतरावर हवे, "नजर आहे माझी" एवढ्याने भागत नाही. ज्याच्याकडे जबाबदारी आहे त्याने त्या वेळी मोबाइल पिशवीत ठेवावा.

तिसरी गोष्ट: वाहन

मोटारीत मुलाला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसू नये. जोराचा ब्रेक लागला, तर सर्वांत आधी आदळते ते मूल. ते मागे, त्याच्या मापाच्या आसनात, पट्टा बांधून बसलेले असावे. मुक्कामाच्या गावी आजोबा कुणाची तरी स्कूटर घेऊन नातवाला चक्कर मारायला नेतात. चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना त्याला हेल्मेट आणि चालवणाऱ्याशी जोडणारा सुरक्षा पट्टा हवा, वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नको, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. ही सोय नसेल तर चक्कर पायीच मारावी.

चौथी गोष्ट: आजारपणात उशीर नको

प्रवासात मुलांना सर्वांत जास्त त्रास होतो तो जुलाब-उलट्यांचा. उकळून गार केलेले किंवा बाटलीबंद पाणी द्यावे. उघड्यावरचा बर्फाचा गोळा आणि कापून ठेवलेली फळे टाळावीत. तरी जुलाब झालेच, तर जलसंजीवनी सुरू करावी. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकावे. अर्धे पाकीट पेल्यात टाकून बाकीचे मुडपून ठेवू नये, कारण मग प्रमाण चुकते. केलेले पाणी २४ तासांत संपवावे, उरलेले फेकावे. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर आणि मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर, घोट घोट पाजावे. पाकीट नसेल, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. खोक्यातील गोड फळपेय म्हणजे जलसंजीवनी नव्हे. पेज, वरणभात, दही सुरू ठेवावे. उपाशी ठेवू नये.

सहा महिने ते पाच वर्षे या वयात ताप चढताना काही मुलांना आकडी येते. अशा वेळी मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये, हातपाय दाबून धरू नयेत. घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही, तर तातडीने रुग्णालयात न्यावे. थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

कोकणात जाणाऱ्यांनी विंचवाचे लक्षात ठेवावे. तांबड्या विंचवाचा दंश लहान मुलाच्या हृदयावर आघात करतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा वापर सुरू केला आणि अशा दंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. पण औषध वेळेवर मिळाले तरच. दंशानंतर खूप घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली, तर मांत्रिक आणि झाडपाला यांत एक मिनिटही घालवू नये. लक्षणांची वाट न पाहता मुलाला सरकारी रुग्णालयात न्यावे. सकाळी चपला आणि अंथरूण झटकून मगच वापरावे.

एरवी पुढील लक्षणे दिसली, तर रात्र झाली म्हणून सकाळपर्यंत थांबू नये: मूल पाणीही पीत नाही, प्यायलेले सगळे उलटते, सहा तासांत लघवी झाली नाही, शौचात रक्त आहे, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, हाक मारूनही नीट जागे होत नाही. "दमलाय" आणि "गुंगलाय" यांतला फरक ओळखायचा एक सोपा उपाय आहे. दमलेले मूल उठवले तर चिडते, रडते आणि पुन्हा झोपते. गुंगलेले मूल नीट रडतही नाही. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. हा क्रमांक आजीलाही पाठ हवा.

खिशातला कागद

आईच्या डोक्यात जे असते, ते आजीच्या डोक्यात असेलच असे नाही. मोबाइलची बॅटरी उतरते, डोंगरात रेंज जाते. म्हणून वहीच्या एका पानावर ठळक अक्षरांत पुढील माहिती लिहून ती आजोबांच्या शर्टाच्या खिशात द्यावी.

मुलाचे नाव, जन्मतारीख आणि वजन. कशाची ॲलर्जी आहे, पूर्वी आकडी किंवा दमा होता का. चालू औषधे, मिलिलिटरसह. आईवडिलांचे दोन फोन, नेहमीच्या डॉक्टरांचा फोन. शेवटी दोन ओळी: "आमच्या गैरहजेरीत आमच्या मुलाच्या उपचारांबाबत आजी-आजोबांनी निर्णय घेण्यास आमची संमती आहे," आणि खाली दोघांच्या सह्या. सोबत लसीकरण कार्डाची प्रत. परगावच्या डॉक्टरांना या एका पानाने किती मदत होते, हे सांगायला नको.

बरोबरच्या पिशवीत पॅरासिटामॉलची आपली बाटली, ओआरएसची चार पाकिटे, थर्मामीटर, चिकटपट्टी आणि मच्छरदाणी एवढे पुरे. दम्याच्या मुलाचा पंप आणि स्पेसर न विसरता द्यावा. निघण्याच्या दिवशी ताप किंवा जुलाब असतील, तर बेत पुढे ढकलावा. देव आणि समुद्र दोन्ही जागेवरच आहेत.

गोष्टीचा शेवट

त्या चार वर्षांच्या मुलाच्या घरी दोन वर्षे कुणी सुट्टीचे नाव काढले नाही. मग एके दिवशी आईच आजींना घेऊन दवाखान्यात आली आणि म्हणाली, "डॉक्टर, आईंना जरा समजावून सांगा. तो रोज विचारतो, आजी मला समुद्रावर कधी नेणार? आणि त्या नाही म्हणतात." आम्ही तिघांनी बसून वर लिहिलेला कागद तयार केला. आजींनी तो स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतला.

त्या मे महिन्यात ती मंडळी पुन्हा गणपतीपुळ्याला जाऊन आली. गोळ्या आजोबांच्या पिशवीत छोट्या कुलपात होत्या, किल्ली आजींच्या मंगळसूत्रात. बडीशेपेची डबीही नेली होती. तिच्यात या वेळी बडीशेपच होती.

मुले मोठी होतात, आजी-आजोबा थकतात. दोघांनाही एकमेकांबरोबर हिंडता येईल अशी वर्षे फार थोडी असतात. भीतीपोटी ती वाया घालवू नयेत, आणि निष्काळजीपणाने धोक्यातही घालू नयेत. चार गोष्टी पक्क्या ठरवा, बाकीचे आजीवर सोपवा आणि नातवंडांना खुशाल जाऊ द्या.